पाण्यातल्या झाडांची कात्री : संच पाच नगांचा, कामाचे दोन

आधी निकाल सांगते, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल. अॅक्वेरियममधल्या झाडांची छाटणी करायला म्हणून पाच नगांचा जो स्टीलचा संच सगळीकडे मिळतो, त्यातली टोकाला वळलेली कात्री उत्तम आहे. सरळ चिमटा चांगला आहे. वेव्ह कात्री, म्हणजे नागमोडी मानेची, ज्यांच्या टाकीत गालिचा (तळभर पसरणारी बुटकी झाडं) आहे त्यांनाच उपयोगाची. वाकडा चिमटा असला तर असू दे. आणि वाळू सारखी करायची पट्टी का दिली आहे, ते देणाऱ्यालाच ठाऊक. पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा गंजासाठी कापला आणि अर्धा मी डावखुरी आहे म्हणून.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हाच माल, याच पाकिटात, वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. पात्यावरचा शिक्का तेवढा बदलतो. त्यामुळे नावापेक्षा हातात आल्यावर काय तपासायचं ते सांगितलेलं बरं.

माझा धंदा शिवणकामाचा. कात्री हातात आली की मी ती आधी मिटून, कडेने उजेडासमोर धरते. चांगल्या कात्रीची दोन पाती एकमेकांना सगळीकडे चिकटून बसत नाहीत. मध्ये हलकीशी फट दिसते, आणि टोकं मात्र नीट जुळतात. कापताना पाती एका वेळी एकाच जागी भेटतात आणि ती जागा स्क्रूपासून टोकाकडे सरकत जाते. म्हणून कापलं जातं. दोन्ही पाती पट्टीसारखी सपाट असली की कात्री नवी असूनही ओढल्यासारखी चालते. दुसरी तपासणी ओल्या मलमलीवर. कोरडं कापड कुठलीही कात्री कापते. ओली मलमल फक्त टोकाने कापून बघायची. कापड दोन पात्यांत दुमडलं, तर पाण्यातलं कोवळं खोडही तसंच दुमडणार. संचातली वळलेली कात्री या दोन्ही परीक्षांत पास झाली. वेव्ह कात्री उजव्या हाताने पास, डाव्या हाताने नापास. त्याबद्दल पुढे.

हे एवढं बघायचं कारण कळायला छाटणीनंतर दोन-तीन दिवस थांबावं लागतं. धारदार पात्याने कापलेलं खोड तसंच्या तसं उभं राहतं आणि पेरातून फुटवे निघतात. बोथट कात्रीने कापलेलं खोड खरं तर चिरडलेलं असतं. त्याचं टोक आधी काचेसारखं पारदर्शक होतं, मग तपकिरी, आणि ती कूज खालच्या पेरापर्यंत उतरत जाते. कापताना दोन्हींत काही फरक जाणवत नाही. दोन्हींत वरचा तुकडा तरंगत वर येतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. म्हणून पहिल्या दिवशी लिहिलेल्या पंचतारांकित अभिप्रायांवर माझा विश्वास नाही.

माझी टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३६ उंच. मागे रोटाला रोटुंडिफोलिया आणि हायग्रोफिला, एका कोपऱ्यात व्हॅलिसनेरिया, मध्ये लाकडावर अॅन्युबियस नाना, जावा फर्न आणि थोडं मॉस, लाकडाच्या सावलीत क्रिप्टोकोरिन वेंडटी, समोर मॉन्टे कार्लोचा गालिचा. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर आहे, दिवा आठ तास लागतो. थोडक्यात, झाडं वाढतात आणि कात्री सारखी लागते. ज्यांच्या टाकीत दोन अॅन्युबियस आणि एक जावा फर्न आहे, त्यांनी हा संच घ्यायची गरज नाही. ती झाडं महिन्याला एखादं पान काढतात.

आता वळलेली कात्री. लांबी सुमारे २५ सेंटिमीटर. तळाशी पाच-सहा सेंटिमीटर माती धरली, तर माझ्या टाकीत मातीपर्यंत पोचताना हात मनगटापर्यंत भिजतो, कोपरापर्यंत नाही. टाकी ४५ सेंटिमीटर उंच असेल तर मात्र ही लांबी पुरणार नाही, ३० च्या पुढची बघा. पाती छोटी, दांडे लांब. ही घडण महत्त्वाची आहे. लांब पात्याची कात्री पाण्यात उघडली की शेजारची चार खोडंही आत येतात, आणि आपल्याला एकच हवं असतं.

रोटालावर तिची खरी किंमत कळते. खोडाच्या झाडाचा शेंडा खुडला की खालचे फुटवे जागे होतात, हे कुंडीतली तुळस वाढवणाऱ्यालाही माहीत असतं. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली उतरत असतं आणि बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की तो दाब उठतो. पेराच्या किंचित वर कापलं की त्या पेरातून बहुधा दोन फांद्या निघतात. पेरापासून खूप वर कापलं तर मधला उघडा दांडा नुसता कुजतो आणि दिसतोही वाईट. रोटालाची पेरं एकमेकांच्या इतकी जवळ असतात की सरळ कात्री उभी घालून नेमकी जागा साधत नाही. वळलेलं टोक आडवं पडतं, त्यामुळे कुठे कापतोय ते वरून दिसतं. संचात साधी सरळ कात्री नाही, आणि वर्ष उलटून गेलं तरी मला तिची आठवण झालेली नाही.

वळणाचा आणखी एक फायदा आहे, तो जाहिरातीत कुणी सांगत नाही. झुडपाला गोलाई द्यायची असेल तर वळण खाली करून धरायचं. मागून पुढे उतार द्यायचा असेल तर वळण वर. झुडूप पहिल्यांदा छाटताना मनाला लागेल इतकं खाली घ्या. दुसऱ्या वेळी पहिल्या कापाच्या थोडं वर, तिसऱ्या वेळी त्याहून थोडं वर. प्रत्येक वेळी फांद्या वाढतात आणि वरचा भाग दाट होत जातो. असं किती वेळा चालेल? बुडाशी उजेड पोचेनासा होईपर्यंत. मग खालची पानं गळतात, खोड काळपट, चिवट होतं, वर हिरवी टोपी आणि खाली नुसत्या काड्या. त्या वेळी छाटत बसण्यात अर्थ नसतो. जुनं मुळासकट उपटायचं आणि चांगले शेंडे परत लावायचे.

लावायला सरळ चिमटा. चिमट्याची माझी परीक्षा अशी, की कापडातून सुटलेला एकच धागा त्याने टेबलावरून उचलता यायला हवा. आला. आतल्या बाजूला बारीक आडव्या रेषा आहेत, त्यामुळे ओलं, बुळबुळीत खोड निसटत नाही. ताण मात्र जरा जास्त आहे. गालिच्याची लावणी करायला बसलं की थोड्या वेळाने अंगठ्याचं मूळ दुखायला लागतं. आणि ताण जास्त आहे म्हणून जोरात दाबू नका. जोरात दाबलं की चिमटा मधून वाकतो, टोकं उघडतात आणि रोप सुटून वर येतं. खोड त्याच्या तळाशी धरायचं, चिमटा तिरका मातीत घालायचा, टोकं अगदी किंचित सैल करायची आणि हलवत हलवत बाहेर काढायचा. सरळ वर ओढला की रोपही बरोबर येतं. वाकडा चिमटा मी लाकडाच्या मागे पडलेली कुजकी पानं काढायला वापरते. त्यासाठी तो बरा आहे, पण त्याची टोकं जन्मापासूनच केसभर सरकलेली आहेत. धागा उचलत नाही.

वेव्ह कात्रीबद्दल लोकांचे फार गैरसमज आहेत. विचित्र दिसते म्हणून ती काहीतरी खास आहे असं वाटतं. तिचं एकच काम : मान दोनदा वाकवलेली असल्याने मूठ वर राहते आणि पाती जमिनीला समांतर चालतात. मॉन्टे कार्लो, ग्लॉसोस्टिग्मा, हेअरग्रास यांचा गालिचा सपाट कापायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. हाताची बोटं मातीत न घासता काचेपासून मागपर्यंत सरळ पट्टा काढता येतो. गालिचा कापायचाच असतो, हे सांगायला हवं, कारण हिरवागार जाड गालिचा कापायला जिवावर येतं. जाडी वाढली की वरचा थर खालच्याचा उजेड अडवतो, खालचा पिवळा पडतो, त्याची मुळं सुटतात आणि एखाद्या सकाळी अख्खा तुकडा चादरीसारखा तरंगत वर आलेला असतो. मी मातीपासून एक-दीड सेंटिमीटरवर कापते. पुढचा आठवडा तो उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो, मग भरून येतो.

कापण्याआधी फिल्टर बंद. नाहीतर सगळा कचरा त्याच्या तोंडाला जाऊन बसतो. काम झालं की आठवणीने सुरू करा, कारण फिल्टरमधल्या जिवाणूंना वाहतं, हवेशीर पाणी लागतं. तरंगणारे तुकडे जाळीने लगेच काढायचे. मॉन्टे कार्लोचा एवढासा तुकडाही जिथे अडकेल तिथे मूळ धरतो, आणि मॉसचं तर विचारूच नका. माझे अमानो झिंगे या वेळी हटकून पात्याखाली येऊन बसतात. तळ ढवळला गेला की त्यांना खायला मिळतं, हे त्यांना कळून चुकलंय. दर दोन कापांनंतर कात्रीच्या टोकाने त्यांना बाजूला सारावं लागतं, यात वेळ जातो.

अमानो म्हटलं की ताकाशी अमानो आलेच. झाडांच्या टाकीला निसर्गातल्या दृश्यासारखं रूप देण्याची त्यांची पद्धत जगभर गेली, १९८२ मध्ये त्यांनी जपानात काढलेली कंपनी आजही ही हत्यारं बनवते, आणि ते २०१५ मध्ये गेले. त्यांच्या कंपनीची कात्री मी वापरलेली नाही, त्यामुळे तिच्याशी तुलना करत नाही.

डावखुरेपणाची गोष्ट. नेहमीची कात्री उजव्या हातासाठी जुळवलेली असते. उजवी मूठ मिटताना अंगठा एक पातं बाहेर ढकलतो, बोटं दुसरं आत ओढतात, आणि त्याने पाती एकमेकांवर दाबली जातात. डाव्या हातात हाच जोर उलटा होतो, पाती एकमेकांपासून दूर जातात, आणि मध्ये आलेलं खोड कापलं न जाता दुमडतं. अंगठा मुद्दाम तळव्याकडे ओढून धरला की जमतं. मला ती सवय शाळेपासूनची आहे. वळलेल्या कात्रीत त्याने भागतं, कारण तिला स्क्रू आहे, जरा आवळला की पाती घट्ट बसतात. वेव्ह कात्रीला स्क्रू नाही, रिव्हेट आहे. आवळायला काही नाही. लांब मानेमुळे अंगठ्याची युक्तीही चालत नाही. गालिचा मी उजव्या हाताने कापते, आणि तो तसा दिसतो. संच बनवणाऱ्यांना डावखुरी माणसं मासे पाळत नाहीत असं वाटतं की काय कोण जाणे.

गंज. पाकिटावर ‘स्टेनलेस’ असं ठसठशीत लिहिलेलं असताना वेव्ह कात्रीच्या रिव्हेटपाशी तपकिरी डाग यायला फार दिवस लागले नाहीत. लोक लगेच चुंबक लावून बघतात आणि चिकटलं की ‘नकली स्टील’ म्हणून तक्रार करतात. चुंबकाने तसं काही सिद्ध होत नाही. ताटवाट्यांचं जे चुंबकाला न चिकटणारं स्टील असतं, त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ते गंजत नाही, पण तापवून, विझवून कडक करता येत नाही, म्हणजे धार धरत नाही. कात्रीच्या पात्याला कडक होणारं स्टील लागतं. त्यात क्रोमियम कमी, साधारण १२ ते १४ टक्के, कार्बन जास्त, आणि ते चुंबकाला चिकटतं. धार हवी तर गंजाचा थोडा धोका आलाच. माझी तक्रार स्टीलबद्दल नाही, रिव्हेटबद्दल आहे. तिथे पाणी अडकतं आणि उघडून पुसता येत नाही. दोन्ही चिमटे मात्र आजही लख्ख आहेत.

काम झालं की साध्या पाण्याखाली धुवायची, कापडाने पुसायची, आणि उघडी ठेवून वाळवायची. ज्या कापडी घडीच्या पाकिटात संच येतो त्यात ओली कात्री कधीही ठेवू नका. ते पाकीट दिसायला देखणं आहे आणि गंज आणायला त्याच्याइतकी सोयीची जागा नाही. स्क्रूत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकते, कात्री चालवून वर आलेलं तेल पुसून काढते, आणि पुढच्या वेळी पाण्यात घालण्याआधी कडकडीत पाण्याने धुते. साबण लावत नाही. साबणाचा अंश टाकीत गेलेला झिंग्यांना सोसत नाही.

पट्टीबद्दल दोन वाक्यं पुरेत. मातीच्या गोळ्यांवर तिने दाब दिला की गोळ्या फुटून गाळ होतो, आणि नुसती वाळू असेल तर जुनं प्लास्टिकचं कार्ड तेच काम करतं. काचेवरचं हिरवं शेवाळ खरवडायला काहीजण ती वापरतात, पण कडेखाली वाळूचा एक कण आला की काचेवर कायमची रेघ उमटते, आणि टाकी अॅक्रिलिकची असेल तर कणाचीही गरज नाही.

संचाबरोबर एक छापील चिठ्ठी येते. ती फेकून द्या. तिच्यातल्या चित्रात व्हॅलिसनेरियाची लांब पानं पाण्याच्या पातळीला सरळ रेषेत कापलेली दाखवली आहेत. व्हॅलिसनेरियाचं पान बुडातून वाढतं. मधून कापलं की कापलेली कड तपकिरी होते आणि बऱ्याचदा पान तिथून खाली विरघळत येतं. फार लांब झालेलं पान बुडापाशी वळलेल्या कात्रीने अख्खं काढायचं. गर्दी झाली असेल तर मातीतून धावणारा दांडा कापून पिल्लू वेगळं करायचं.

क्रिप्टोकोरिनचंही असंच, जुनं पान बुडातून. पण एका वेळी थोडीच, कारण हे झाड हलवाहलवीने रुसतं आणि उरलेली पानंही विरघळवून टाकतं. तसं झालं तरी मुळं उपटू नका, बहुतेक वेळा ती परत फुटतात. अॅन्युबियसच्या पानांवर हिरवे ठिपके बसले की ते पान देठासकट काढलेलं बरं. त्याच्या जाड आडव्या खोडाचे दोन भाग करायचे असतील तर प्रत्येक भागाला तीन-चार पानं ठेवायची, आणि हे काम या कात्रीने करू नका. पाती त्यासाठी नाजूक आहेत, नवं ब्लेड वापरा. जावा फर्नच्या पानामागे ओळीने काळसर ठिपके दिसले म्हणून घाबरून कापू नका, तो रोग नाही, बीजाणूंचे पुंजके आहेत. जुन्या पानांच्या टोकाला पिल्लंही तिथेच धरतात.

कात्री चांगली मिळाली की एक धोका वाढतो, तो म्हणजे हात थांबत नाही. एका बैठकीत एक तृतीयांशाहून जास्त झाडोरा काढू नये असं माझं मत आहे. पाण्यातला अमोनिया आणि नायट्रेट झाडं खात असतात. खाणारे एकदम कमी झाले आणि दिवा तेवढाच राहिला की उरलेलं शेवाळ खातं. मी आज मागची बाजू छाटली तर गालिचा पुढच्या आठवड्यात. छाटणी झाली की लगेच तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदलते. कापलेल्या खोडांतून रस पाण्यात उतरतो आणि ढवळलेला गाळही निघून जातो.

निघालेला पाला कुंडीत खत म्हणून जातो, चांगले शेंडे मागणाऱ्यांना देते. तो कधीही तळ्यात, ओढ्यात, नाल्यात टाकू नये. हायग्रोफिला पॉलिस्पर्मा मूळची आपल्या उपखंडातली, अॅक्वेरियमच्या धंद्यातून अमेरिकेत गेली आणि तिथे उपद्रवी तण म्हणून केंद्र सरकारच्या यादीत आहे. माझ्या टाकीत तिची वाढ बघितलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही.

तर घ्यायचं काय? गालिचा असेल आणि उजव्या हाताने काम करत असाल तर संच घ्या, पण वेव्ह कात्रीला रिव्हेट आहे की स्क्रू ते फोटो मोठा करून बघा. गालिचा नसेल तर वळलेली कात्री आणि सरळ चिमटा सुटे मिळतात, तेवढेच घ्या. मॉससाठी या संचातलं काहीच धड चालत नाही. त्याला स्प्रिंगची कात्री लागते, तीही सुटीच घ्यावी लागते. आखूड पाती, कड्या नाहीत, चिमट्यासारखी नुसती दाबायची, सोडली की आपोआप उघडते. अंगठ्याचा आडवा जोर तिच्यावर जवळजवळ येतच नाही, त्यामुळे ती दोन्ही हातांनी सारखी कापते. डावखुऱ्यांनी पहिली खरेदी तीच करावी.